मजकूर पुसायचा, तर कोणी आणि कसा?

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या आदिवासी गावात त्या दिवशी आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात आले. गावोगाव हिंडून भिक्षुकी करणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि मुले पळवणारी टोळी आल्याची हाकाटी झाली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन कोंडले आणि मारून मारून पाचही जणांचा जीव घेतला. त्याआधी कित्येक दिवस त्या भागातल्या मोबाइलवर अशा टोळ्यांचे मेसेज फिरत होते. टोळी कुठेच नव्हती.

त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात अशाच संशयावरून जमावाने पाच जणांच्या एका कुटुंबाला घेरले. त्यात एक लहान मूलही होते. पोलिस वेळेवर पोचले म्हणून ते पाच जीव वाचले.

राईनपाड्याहून सह्याद्रीच्या कडेने दक्षिणेला आले की नाशिक जिल्ह्यातले बागलाण, कळवण, सुरगाणा आणि मग पेठ हे तालुके लागतात. तोच डोंगर, तसेच आठवडे बाजार आणि बऱ्याच अंशी तेच समाज. २०११ च्या जनगणनेत पेठ तालुक्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत होती आणि तीत आदिवासींचा वाटा फारच मोठा होता. कोकणा, महादेव कोळी, वारली अशी ही वस्ती. भात, नागली, वरई पावसावर घ्यायची आणि दिवाळी सरली की घरातल्या कर्त्या माणसांनी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीला जायचे. म्हातारी माणसे आणि पोरे पाड्यावर, आईबाप बागेवर. मध्ये दुवा मोबाइलचा. ज्याचे मूल पन्नास-साठ किलोमीटरवर आजीजवळ आहे, त्या माणसाच्या हाती ‘पोरे पळवतात’ असा व्हिडिओ पडला तर तो तपासत बसेल का? आधी पुढे पाठवील. ती भीती अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही.

इंटरनेटवरच्या मजकुरावर बंधन असावे की नसावे, हा वाद आपल्याकडे बहुधा शहरातून मांडला जातो. कोणाचे व्यंगचित्र काढले, कोणत्या विनोदवीराचा कार्यक्रम हटवला, कोणते खाते गोठवले. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण पेठ-सुरगाण्याच्या बाजूने पाहिले की वादाचा आकार बदलतो. इथे नियंत्रण मागणाऱ्याकडे पाच प्रेतांचा पुरावा आहे. आणि इथेच नियंत्रणाची सरकारी हत्यारे सर्वांत बोथट ठरतात, कधीकधी तर भलत्यालाच लागतात. त्या हत्यारांची ओळख करून घेतल्याशिवाय बाजू घेण्यात अर्थ नाही.

पहिले हत्यार बोलणाऱ्याला पकडण्याचे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६६ अ घातले गेले आणि ते ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा ‘त्रासदायक’ मजकूर पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नव्हती. त्याचा अर्थ काय होतो ते महाराष्ट्राला नोव्हेंबर २०१२ मध्ये कळले. १७ तारखेला बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले, दुसऱ्या दिवशी मुंबई आणि परिसर बंद होता. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न केला आणि तिच्या मैत्रिणीने तो मजकूर ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले आणि मुलींवरचे प्रकरण बंद झाले, पण देशभर प्रश्न उभा राहिला. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

त्या निकालातली एक कसोटी मला फार मोलाची वाटते. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, असे न्यायालयाने म्हटले. पहिल्या दोन कितीही कटू वाटल्या तरी त्यांना घटनेचे संरक्षण आहे. तिसऱ्या पायरीवर पाय पडला की कायद्याने हात घालावा. पालघरचा प्रश्न पहिल्या पायरीवरचा होता. ‘हे लोक मुले पळवतात, दिसले की मारा’ हे वाक्य तिसऱ्या पायरीवरचे आहे. दोन्हींना एकच कलम लावणारा कायदा वाईटच होता. दुःख असे, की रद्द झाल्यावरही हे कलम पोलिस ठाण्यांतून हटले नाही. ते अजून लावले जाते हे पाहून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आश्चर्य आणि धक्का व्यक्त केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला.

दुसरे हत्यार जुने आहे आणि नाशिकला त्याची चांगली ओळख आहे. जून १९०९ मध्ये राष्ट्रवादी कविता प्रसिद्ध केल्याबद्दल नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९१० उजाडताच खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली आणि फेब्रुवारीत सरकारने प्रेस ॲक्ट मंजूर केला. या कायद्याची करामत समजून घेण्यासारखी आहे. लिहिणारा सापडेल, न सापडेल, त्याचे पुरावे मिळतील, न मिळतील. म्हणून सरकारने छापखान्याच्या मालकाकडून अनामत रक्कम मागितली. आक्षेपार्ह काही छापले गेले तर अनामत जप्त, पुन्हा घडले तर छापखानाच जप्त. मग सरकारला प्रत्येक लेख वाचण्याची गरजच उरली नाही. मालक स्वतःच लेखकाला सांगू लागला, हे माझ्याकडे नको. असा कायदा किती लिखाण मारतो याची मोजदाद कधीच होत नाही, कारण जे छापलेच गेले नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

आजचा छापखाना म्हणजे फेसबुक, यूट्यूब, एक्स यांसारख्या कंपन्या. माहिती तंत्रज्ञान कायदा त्यांना ‘मध्यस्थ’ म्हणतो. कलम ७९ प्रमाणे लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थावर खटला चालत नाही. मात्र बेकायदा मजकुराची जाणीव करून दिल्यावरही त्याने तो हटवला नाही तर हे कवच गळून पडते. जाणीव म्हणजे न्यायालयाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश, असा अर्थ श्रेया सिंघल निकालाने लावला. त्यानंतरच्या नियमांनी हा फास हळूहळू आवळत नेला. २०२१ च्या नियमांनी हटवण्याला छत्तीस तासांची मुदत घातली. २०२४ मध्ये केंद्रीय गृहखात्याने ‘सहयोग’ नावाचे पोर्टल सुरू केले. त्यावरून वेगवेगळ्या खात्यांचे आणि राज्यांचे अधिकारी थेट कंपन्यांना नोटिसा पाठवू लागले. एक्सने त्याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात केलेली याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली गेली. मात्र पुढच्याच महिन्यात केंद्राने नियम बदलून अशी नोटीस काढण्याचा अधिकार सहसचिव किंवा पोलिस उपमहानिरीक्षक यांच्या खालच्या अधिकाऱ्याला राहणार नाही, नोटिशीत कारण द्यावे लागेल आणि दर महिन्याला आढावा होईल, असे ठरवले. म्हणजे आधीची व्यवस्था सैल होती हे सरकारलाही मान्य करावे लागले.

कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. एक नोटीस आली. मजकूर ठेवला तर खटल्याचा धोका, काढला तर कोणी फारसे विचारणार नाही. कंपनी काय करील? ज्याचा मजकूर गेला तो कदाचित सुरगाण्याचा एखादा पोरगा असेल, रस्त्याच्या निकृष्ट कामाचा व्हिडिओ टाकणारा. त्याला कारण कळत नाही, दाद कुठे मागायची ते कळत नाही, आणि वकील करण्याची ऐपत नसते. १९१० च्या कायद्यात निदान छापखान्याच्या मालकाला उच्च न्यायालयात जाण्याची वाट होती.

याच्याशी ताडून पाहण्याजोगे एक मराठी प्रकरण आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कादंबरिका छापून आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषी धरले, तर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. सुटी वाक्ये उचलून चालणार नाही, कलाकृती सबंध वाचली पाहिजे, आणि समाजाच्या कल्पना बदलत असतात, ही त्या निकालाची दिशा होती. सात वर्षे लागली, लेखकाची ससेहोलपट झाली, हे खरे. पण न्यायाधीशांनी ती कथा वाचली, लेखकाला ऐकले, आणि कारणे लिहून ठेवली. ती आजही कोणालाही वाचता येतात. आज हटवल्या जाणाऱ्या मजकुराबाबत यातले काय घडते?

कलम ६९ अ हे तिसरे हत्यार. देशाची सार्वभौमता, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार एखादे संकेतस्थळ, खाते किंवा ॲप देशभर बंद करू शकते. यासाठी २००९ चे नियम आहेत: समिती बसते, शक्य असल्यास मजकूर टाकणाऱ्याला नोटीस जाते, तातडीच्या वेळी आधी बंदी घालून ४८ तासांत प्रकरण समितीपुढे न्यावे लागते. या तरतुदींमुळेच सर्वोच्च न्यायालयाने ६६ अ पाडताना ६९ अ टिकवले. पण याच नियमांत सोळावा नियम आहे, गुप्ततेचा. तक्रार काय होती, कारवाई का झाली, हे बाहेर सांगायचे नाही. एका हाताने दिलेले संरक्षण हा नियम दुसऱ्या हाताने काढून घेतो असे माझे स्पष्ट मत आहे. आदेशच पाहायला मिळत नसेल तर त्याला आव्हान कशाच्या आधारे द्यायचे?

२९ जून २०२० ला याच कलमाखाली टिकटॉकसह ५९ ॲप बंद झाली. कारण राष्ट्रीय सुरक्षेचे होते. त्या निर्णयाच्या बाजूने युक्तिवाद आहेत. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. टिकटॉकवर शेताच्या बांधावर नाचणारी, आपल्या बोलीत नकला करणारी, कधी कोणत्या वाहिनीवर न दिसलेली खेड्यापाड्यांतली माणसे होती. एका रात्रीत त्यांनी जमवलेला सगळा प्रेक्षक गेला. शहरातल्या चर्चेत त्यांच्या नुकसानीचा उल्लेखही अपवादानेच झाला.

आता राईनपाड्याकडे परत येऊ. वरच्या तीन हत्यारांपैकी एकानेही ते पाच जण वाचले असते का? मला नाही वाटत. तो मेसेज फेसबुकच्या भिंतीवर नव्हता, व्हॉट्सॲपवर होता. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे सगळे संदेश कूटबद्ध असतात. उलगडण्याची किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये. कंपनीलाही मजकूर दिसत नाही, मग ती हटवणार काय? आणि दिसला असता तरी कोकणा बोलीतला ऑडिओ समजून घेणारी यंत्रणा कोणाकडे होती?

म्हणून २०२१ च्या नियमांत सरकारने वेगळी मागणी केली: मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून सांगा. व्हॉट्सॲपने याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. कूटबंधन तोडायला लावले तर भारत सोडू, असे कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये तिथे सांगितले. कंपनीचा स्वार्थ बाजूला ठेवला तरी या मागणीत खोट आहे. २०१८ साली देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने केलेली जनजागृतीची फिल्म होती. मोटारसायकलवरचे दोघे मुलाला उचलतात आणि शेवटी परत आणून सोडून पालकांना सावध करतात. शेवट कापला आणि अपहरणाचा ‘पुरावा’ तयार झाला. मालेगावच्या आसपास फिरलेल्या एका व्हिडिओत तर सीरियातल्या २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात दगावलेल्या मुलांची छायाचित्रे होती. नियम म्हणतो, मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतातला पहिला पाठवणारा हाच उगम धरावा. तो कोण निघेल? बहुधा घाबरलेला एखादा बाप. कापणारा मोकळा आणि घाबरणारा गजाआड. शिवाय हा माग काढायचा तर कोट्यवधी निरपराध लोकांच्या खासगी बोलण्याची खूण कुठेतरी साठवावी लागेल.

चौथे हत्यार सगळ्यांत आडदांड: इंटरनेटच बंद करायचे. पेठच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, तळेगावला ऑक्टोबर २०१६ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाला. संतापाचा उद्रेक झाला, बसगाड्या जळाल्या, अफवांनी त्यात तेल ओतले आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. प्रशासनाने मोबाइल इंटरनेट काही दिवस बंद ठेवले. त्या वेळी आग पसरू न देणे हे कर्तव्यच होते, आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांवर केवढा ताण असेल हे मी समजू शकतो. पण इंटरनेट बंद झाले म्हणजे अफवा बंद झाली असे होत नाही. ती फोनवरून, एसटीतून, बाजारातून चालतच राहते. बंद होते ते तिचे खंडन. पोलिसांचा खुलासाही त्याच मोबाइलवर यायचा असतो.

आणि आता बंदचा भार २०१६ पेक्षा जड झाला आहे. रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र, रोजगार हमीच्या मजुरांची ॲपवरची हजेरी, गावातल्या बँक प्रतिनिधीकडून अंगठा लावून काढायचे पैसे, सगळे नेटवर चालते. डोंगरातल्या पाड्यांवर एरवीही रेंजसाठी टेकाड चढावे लागते. तिथे सरकारी हुकमाने नेट गेले की हजेरी बुडते, हजेरीबरोबर मजुरी बुडते. नाशिक शहरातला माणूस वायफायवर काम भागवतो. पेठच्या मजुराकडे मोबाइलशिवाय दुसरी वाट नाही.

या सगळ्यात खरोखर उपयोगी पडलेला उपाय मजकूर पुसण्याचा नव्हता, वेग कमी करण्याचा होता. राईनपाड्यानंतर त्याच जुलैत व्हॉट्सॲपने मेसेज पुढे पाठवलेला आहे हे दाखवणारी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले; अशा मेसेजचे प्रमाण त्यामुळे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. आकडा कंपनीचाच, तेव्हा तो थोडा हात राखून घ्यावा. पण तत्त्व पटण्याजोगे आहे. कोणाचे तोंड बंद केले नाही, कोणाचे पत्र फोडले नाही, आणि विचार करायला माणसाला थोडा अवधी मिळाला. पाच जीव जाण्याआधी हे का सुचले नाही, हा प्रश्न मात्र कंपनीला विचारलाच पाहिजे.

खोटे काय ते सरकारनेच ठरवावे, असाही एक प्रयत्न झाला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम दुरुस्त करून, सरकारच्या कारभाराविषयी कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे ठरवणाऱ्या सत्यशोधन कक्षाची तरतूद केली. विनोदवीर कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल यांनी तरतूद अवैध आणि न्या. नीला गोखले यांनी वैध ठरवली. तिसरे न्यायाधीश अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबरला न्या. पटेल यांच्या बाजूने मत दिले आणि तरतूद रद्द झाली. मला हा निकाल योग्य वाटतो. ज्याच्या कारभारावर बोलले जाते त्यालाच बोलण्याच्या खरेखोटेपणाचा निवाडा देता येत नाही. राईनपाड्याची अफवा सरकारच्या कारभाराविषयी नव्हतीच. तिला हा कक्ष पुरा पडला नसता.

तिला पुरी पडली असती ती जवळची, ओळखीची माणसे. आशाताई, शिक्षक, सरपंच, पोलिस पाटील. बाजाराच्या दिवशी कोकणा बोलीत, लाऊडस्पीकरवरून, ‘हा व्हिडिओ इथला नाही, अमुक ठिकाणचा आहे’ असे नाव घेऊन सांगणारा माणूस. १७ जुलै २०१८ ला, राईनपाड्याच्या घटनेनंतर सोळा दिवसांनी, तेहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात पोलिस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमून जमावाच्या हिंसेची शक्यता असलेली ठिकाणे आधीच हेरायला सांगितले. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याखालच्या गावांत ग्रामसभेला मान आहे. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय पावसाळ्याआधी एकदा तरी यावा.

आणि इंटरनेट बंद करण्याचीच वेळ आली तर? १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की असा आदेश जाहीर केला पाहिजे, त्यात कारण हवे आणि तो बेमुदत असता कामा नये. त्याच वर्षी नियमांत पंधरा दिवसांची कमाल मुदत आली. तेव्हा पेठमध्ये उद्या कधी नेट बंद झाले, तर कोणाच्या सहीने, कशासाठी आणि कधीपर्यंत बंद आहे हे सांगणारा कागद तहसील कचेरीच्या आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर, साध्या मराठीत, त्याच दिवशी लागला पाहिजे. आणि त्या दिवसांची रोजगार हमीची हजेरी हातवहीवर घेऊन ग्राह्य धरली पाहिजे.